रॉकेलची शपथ

धरणगाव,
ता. ३ नोव्हेंबर १९३५

गनीभाई यांस, सुगंधाबाईचा नमस्कार.

आपले कार्ड पोचले. पुना मोटारवाल्याचे इंजिन विकायचे आहे असे आपण एरंडोलास ऐकलेत, ते खरे आहे. आपण यांना ओळखत होता असे लिहिलेत. मला आपले नाव ठाऊक नव्हते, पण मोटारवाले रस्त्यावर कोणाकोणाला ओळखतात ते घरी कुठे सांगतात!

हे पत्र माझे मीच लिहिते आहे, कोणाकडून लिहवून घेतलेले नाही. मोटारीचे सुटे भाग मुंबईहून जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून येत. भाग हे घेत आणि कागद मी. त्या कागदांवर अक्षरे जुळवत मी वाचायला शिकले, म्हणून माझे अक्षर छापल्यासारखे सुटे सुटे येते. समजून घ्यावे.

आता इंजिनाचे. मोटार अमेरिकन होती, चार सिलिंडरची. धरणगाव स्टेशनावरून उतारू घेऊन एरंडोल आणि पुढे पारोळे, एवढीच तिची वाट. यांच्याशिवाय ती कोणी चालवली नाही. हँडलच्या दुसऱ्या फेरीला सुरू होत असे. तेल वेळच्या वेळी बदललेले आहे. आणि मुख्य म्हणजे त्यात रॉकेल कधी गेलेले नाही. पेट्रोल महाग म्हणून आजकाल पुष्कळ मोटारवाले रॉकेलवर गाडी हाकतात, हे मी आपल्याला काय सांगावे. आमच्या घरी ते झालेले नाही. हे मी शपथेवर लिहून देते.

आधी हे रात्री पारोळ्यास मुक्काम करत आणि मोटार उघड्यावर असे. पण गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून ते रोज रात्री घरी येऊ लागले. तेव्हापासून मोटार आमच्याच दारात छपराखाली उभी राहिली आहे. दवात भिजली, कोणी भाग काढून नेला, असे काही झालेले नाही.

पोळा झाला आणि हे तापाने पडले. विषमज्वर होता. त्यातून उठले नाहीत.

मोटारीची बॉडी लाकडी होती, ती मोडीत दिली. इंजिन एरंडोलच्या सुपडू मिस्तरीने उतरवून पडवीत ठेवले आहे, गोणपाटाखाली. माझ्या सासूबाई, तानुबाई, त्याला वळसा घालून जातात. मला वळसा घालता येत नाही, मी तिथेच धान्य निवडायला बसते. पण घर चालवायचे आहे. मला शिवण येते. इंजिनाच्या पैशातून शिवणाचे मशीन घ्यावे असे मनात आहे. मी घासाघीस करणार नाही. चालवणारा चांगला मिळावा एवढेच.

सुगंधाबाई

---

धुळे,
ता. ५ डिसेंबर १९३५

गं. भा. सुगंधाबाई यांस, गनीचा सलाम.

इंजिन मालगाडीने नरडाण्यास उतरले, तिथून बैलगाडीने धुळ्यास आणले आणि माझ्या मोटारीत बसवले. माझी मोटार धुळे ते नरडाणा स्टेशन चालते, हे आपल्याला मागेच लिहिले होते. आठवडाभर ती चालली. मग पोटात कोणी खलबत्ता कुटावा तसा आवाज येऊ लागला. चढावर दम टाकू लागली. शेवटी खोलून पाहिले.

लिहायला बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे. बेरिंगांतला पांढरा धातू झिजून गेला आहे. खालचे तेल पाण्यासारखे पातळ आहे आणि त्याला रॉकेलचा वास आहे. न जळलेले रॉकेल पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपते, तेल पातळ करते आणि बेरिंगे खाते. रॉकेल प्यायलेले इंजिन लपून राहत नाही, बाई. शिवाय इंजिनासोबत जी तांब्याची नळी आली आहे, तिला दोन तोंडांची पितळी तोटी आहे. एका तोंडाला पेट्रोल येते. दुसऱ्या तोंडाला काय येत होते?

आपण शपथेवर लिहून दिलेत म्हणून मी खोलून न पाहता घेतले. दुसऱ्या कोणाचे असते तर आधी खोलले असते. पुनाभाऊंच्या घरचा शब्द, म्हणून नाही खोलले.

आता कापसाचा हंगाम आहे. व्यापारी गाडीतून उतरून मोटारीची वाट पाहत उभे असतात आणि माझी मोटार पत्र्याखाली बसून आहे. त्याच रस्त्यावरच्या झुलालची मोटार भरून जाते. जाता जाता तो माझ्या दारात मुद्दाम भोंगा वाजवतो आणि विचारतो, "काय गनीभाई, रोजे माणसांना असतात, मोटारीला कधीपासून?"

एक तर इंजिन परत घ्या, नाहीतर दुरुस्तीचा निम्मा खर्च द्या. दोन्ही जमत नसेल तर पारोळे-एरंडोलकडचे चार मोटारवाले बसवू, ते ठरवतील. त्यांच्यासमोर पुनाभाऊंचे नाव निघावे असे मला वाटत नाही. आपणही विचार करा.

गनी

---

धरणगाव,
ता. ९ डिसेंबर १९३५

गनीभाई यांस,

तुमचे पत्र सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांना कमी ऐकू येते म्हणून मोठ्याने वाचावे लागले, म्हणजे शेजारच्यांनीही ऐकले. ऐकून सासूबाई म्हणाल्या, "लिख तेले, मना पोऱ्याना नावे खोटं लिखस तं तुनी जीभ झडो." त्या समोर बसल्या आहेत म्हणून लिहिले. माझे म्हणणे पुढे आहे.

इंजिनाच्या पैशांतून शिवणाचे मशीन आले आहे. इंजिन परत घ्यायचे तर मशीन विकावे लागेल. तुमचे म्हणणे खरे असते तर विकले असते, आणि लोकांच्या घरी दळण-कांडण केले असते. पण ते खरे नाही. अर्धा खर्च दिला तरी यांनी रॉकेल घातले असे मी कबूल केल्यासारखे होईल. म्हणून मी काहीच देणार नाही.

रॉकेल घातलेले नाही हे मला कसे माहीत, ते सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एरंडोलच्या रस्त्यावर एका मोटारीला आग लागली होती. सीटखाली रॉकेलचे डबे होते. ती चालवणारा आणि त्याच्याजवळ बसलेला उतारू, दोघे भाजले. मागून आमची मोटार येत होती. यांनी त्या दोघांना आपल्या मोटारीत घालून दवाखान्यात नेले. दोघेही वाचले नाहीत. त्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा यांच्या सदऱ्याला जो वास होता तो मी कोणाला सांगू शकत नाही. मला अन्न जाईना. शेवटी यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी शपथ. आपल्या मोटारीत रॉकेल जाणार नाही. आता जेव."

गनीभाई, डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात असतो त्याचे वाईट होते. हे आमच्यात लहान मुलालाही माहीत आहे. यांनी रॉकेल घातले असते तर मी गेले असते. मी गेलेली नाही. मला साधा तापही आला नाही. यांच्या उशाशी बसून, त्यांचे कपडे धुऊन, त्यांचे उष्टे पाणी पिऊनसुद्धा मला काही झाले नाही. मी धडधाकट तुम्हाला पत्र लिहिते आहे. याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

वासाचे म्हणाल तर सगळेच मिस्तरी हात आणि भाग रॉकेलने धुतात. यांच्या हातालाही तो वास असे. तोटी सुपडूने कशासाठी लावली असेल ते मला कळत नाही.

आणखी एक सांगते, म्हणजे ते इंजिन किती चांगले होते हे तुम्हाला कळेल. आमच्या मोटारीला एक गुण होता. रात्री परत येताना ती गावाबाहेरच्या कापसाच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, भिंतीपाशी आली की एकदा ठसका देई. क्षणभर गप्प होई, आणि मग पुन्हा गोड चालू लागे. रोज, त्याच जागी. मी एकदा यांना विचारले, "तिथेच का खोकते ती?" तर म्हणाले, "तुला हाक मारते." थट्टा होती हे मला कळते. पण मालकाचे घर आले हे कळणाऱ्या इंजिनात खोट आहे असे म्हणू नका. तुमच्या हाताला ते ओळखत नसेल.

चार माणसे बसवायची तर बसवा. मी येईन आणि त्यांच्यासमोर हेच सांगेन.

सुगंधाबाई

---

धुळे,
ता. १६ डिसेंबर १९३५

गं. भा. सुगंधाबाई यांस,

आपले पत्र मी बऱ्याचदा वाचले. माझी बायको अमिनाबी हिलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, "आता काही लिहू नका. उसका जी क्यों दुखाते हो?" पण रोज्यांचा महिना आहे. माहीत असून गप्प बसलो तर तेही खोटेच होईल. आणि आपण माझ्या हाताला नावे ठेवलीत, ते मला लागले आहे. म्हणून लिहितो.

रॉकेलवर मोटार थंडीत सुरू होत नाही. म्हणून आधी लहान डब्यातल्या पेट्रोलवर सुरू करायची आणि इंजिन तापले की तोटी फिरवून रॉकेल सोडायचे. घर जवळ आले की तोटी पुन्हा पेट्रोलकडे फिरवायची. नळीत उरलेले रॉकेल जळून गेले पाहिजे, नाहीतर सकाळी हँडल मारून खांदा निखळला तरी मोटार उठत नाही. तोटी फिरवली की इंजिनाला घोटभर काहीच मिळत नाही. ते ठसकते, गप्प होते, आणि पेट्रोल पोचले की पुन्हा चालू लागते.

मुक्कामाच्या थोडे अलीकडे, रोज त्याच जागी.

बाई, फक्त पेट्रोलवर चालणारी मोटार तशी ठसकत नाही. आपण जे ऐकत होता ते मी हजार मोटारींचे ऐकले आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या मोटारीचेही ऐकले आहे, कारण तिच्यात मीही रॉकेल घालत होतो. त्या इंजिनाची वाट लागली म्हणूनच आपले घेतले.

शपथेविषयी मी काही बोलत नाही. ते आपले आणि त्यांचे.

आपण खोटे लिहिलेत असे मी आता म्हणत नाही. आपल्याला माहीत नव्हते. पण इंजिन मात्र तसे नव्हते, जसे आपण सांगितलेत. एवढे तरी आपण मान्य करावे.

गनी

---

धुळे,
ता. २२ जानेवारी १९३६

गं. भा. सुगंधाबाई यांस,

महिना होऊन गेला, आपले उत्तर नाही. पत्र पोचले नाही की काय असे वाटून मागच्या सोमवारी एरंडोलास कामाला गेलो तेव्हा धरणगावच्या उतारूंकडे चौकशी केली. आपण बऱ्या आहात, दिवसभर मशीन चालवता, असे कळले.

झुलाल म्हणतो, "बाई गप्प बसली म्हणजे तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं. शपथ-बिपथ लिहून तुला भोळ्याला गुंडाळलं." मी तसे मानत नाही. पण तो हे स्टेशनावर चार जणांत बोलतो आणि माझ्याजवळ दाखवायला काही नाही.

एरंडोलास सुपडू मिस्तरीला भेटलो. तो चाकाखाली आडवा पडून काम करत होता, तिथूनच बोलला. मी तोटीचे विचारले. म्हणाला, "ती मीच बसाडेल शे. मागला सालनी दिवाई व्हयनी आनि लगेच उना पुना. बठ्ठा मोटारवाला तेच करतस, भाऊ, त्यात काय इचारनं?" मी म्हटले, सगळे मोटारवाले करत असतील, पण त्याच्या बायकोला माहीत नव्हते. तर बाहेर आला, हात पुसले, आणि म्हणाला, "बाईले सांगू नको म्हने. माले बी शपथ घालेल व्हती. आते तो नही, म्हनीसन सांगस."

म्हणजे परवाच्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीनंतर, पोळ्यापर्यंत, एवढाच काळ रॉकेल गेले. त्याआधी नाही. आपले म्हणणे त्याआधीच्या काळापुरते खरेच होते.

इंजिन मी दुरुस्त करून घेतले आहे. बेरिंगांत नवा धातू ओतला, रिंगा बदलल्या. मोटार रस्त्यावर आहे. चार माणसे बसवणार नाही. पण हंगाम माझ्या हातून गेला आणि खर्चही झाला, तो सगळा मी एकट्याने सोसावा असे मला वाटत नाही. खर्चाचा हिशेब सोबत आहे, निम्म्याचे आपण मनावर घ्यावे. घाई नाही.

गनी

---

धरणगाव,
ता. ४ फेब्रुवारी १९३६

गनीभाई यांस,

तुमची दोन्ही पत्रे मिळाली. पहिल्याचे उत्तर लिहायला मी रोज बसत होते आणि उठून मशीनवर जात होते. मशीनच्या आवाजात विचार कमी होतो.

तोटीचे वाचले तेव्हा आधी मला तुमचा राग आला. तुम्ही धुळ्यात बसून माझ्या जिनाच्या भिंतीपाशी का हात घातलात असे वाटले. मग यांचा राग आला. बाराव्या-तेराव्यालाही मी इतकी रडले नव्हते. तेव्हा घरात माणसे होती, सासूबाईंना धरून बसायचे होते. आता त्या निजल्या की मी एकटी यांच्याशी भांडत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि त्याच हाताने ती तोटी फिरवलीत? रोज? आणि वर सांगितलेत, तुला हाक मारते?

मी जिवंत आहे म्हणून शपथ खरी, असे मी तुम्हाला लिहिले होते. तुम्ही त्यावर हसला नाहीत, हे तुमचे उपकार. शपथ मोडली आणि मला काही झाले नाही. जे झाले ते त्यांना झाले. दोन्हींचा संबंध आहे की नाही हे मी विचारात घेत नाही. घेतले तर हातून काही होत नाही.

पण तुमच्या दुसऱ्या पत्रात सुपडूचे बोलणे आले. तोटी दिवाळीनंतर बसवली, हे तुम्ही सहज लिहून टाकलेत. तुम्हाला त्यात काही दिसले नसेल. मला दिसले.

दिवाळीच्या आधी हे पारोळ्यास राहत. संध्याकाळचे उतारू तिथे सोडायचे, मोटारीतच झोपायचे, सकाळी तिथून उतारू घेऊन निघायचे. घरी येणे बाजाराच्या दिवशी. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि कमी ऐकू येणाऱ्या सासूबाई. संध्याकाळी दिवा लावल्यावर सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. त्या दिवाळीत मी भांडले. म्हटले, रात्री घरी येत जा. हे म्हणाले, "पारोळ्याहून रिकामी मोटार आणू? पेट्रोल काय विहिरीतून शेंदू?" मी म्हटले, ते मला माहीत नाही, रात्री घरी या. भाऊबीजेला मी माहेरीही गेले नाही, इतकी रुसले होते.

थोड्याच दिवसांनी हे रोज येऊ लागले. मी विचारले, "आता कसं परवडतं?" म्हणाले, "परवडतं. तू वाढ."

मी वाढले. परत विचारले नाही.

मी त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या, गनीभाई. रॉकेल घालू नका, आणि रात्री घरी या. दोन्ही देणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. हा हिशेब साधा होता, मला अक्षरे जुळवता आली तशी ही गोष्टही जुळवता आली असती. मी जुळवली नाही, कारण ते समोर बसून जेवत होते आणि मला तेवढे पुरत होते. त्यांनी मला न विचारता एक गोष्ट निवडली आणि दुसरीबद्दल खोटे बोलले.

तुमची बेरिंगे झिजली ती पारोळ्याहून माझ्या घरी येताना झिजली. तुम्हाला खराब इंजिन मिळाले हे खरे आहे. त्याचे दुसरे टोक माझ्याकडे आहे. दिवाळीपासून पोळ्यापर्यंतच्या सगळ्या रात्री मला मिळाल्या. जेवण झाल्यावर हे पडवीत पाय पसरून बसत आणि मी त्यांना वर्तमानपत्राचे जुने तुकडे वाचून दाखवत असे. कुठल्या कुठल्या गावच्या बातम्या, अर्ध्याच, पुढचा भाग फाटलेला. मग हे आपल्या मनाने पुढचे सांगत. काय वाट्टेल ते सांगत. सासूबाईंना ऐकू येत नसे, पण आम्ही हसलो की त्याही हसत.

तेव्हा हे देणे माझे आहे. निम्मा खर्च मनीऑर्डरने पाठवला आहे. मशीन विकलेले नाही, लग्नसराईच्या चोळ्या शिवल्या. उपकार म्हणून परत करू नका.

आणि झुलालला दाखवायला हे वेगळे लिहून देते. पुना मोटारवाल्याच्या इंजिनात दहा महिने रॉकेल गेले होते. विकताना मला ते माहीत नव्हते. आता माहीत आहे. मी सांगितले होते तसे इंजिन नव्हते.

सुगंधाबाई

---

धुळे,
ता. १२ फेब्रुवारी १९३६

सुगंधाबाई यांस, गनी आणि अमिनाबीचा सलाम.

पैसे मिळाले. खरे सांगतो, पत्र वाचल्यावर मी ते परत पाठवायला निघालो होतो. अमिनाबी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "उसने सोच के दिया है. वापस करोगे तो उसकी बात छोटी हो जाएगी. रख लो." म्हणून ठेवले. आपला-माझा व्यवहार पुरा झाला.

आपण वेगळे लिहून दिलेत ते झुलालला स्टेशनावर चार जणांत वाचून दाखवले. त्याने टोपी काढून डोके खाजवले. म्हणाला, "आपल्यातला कोणी असं लिहून देईल का रे?" आणि मग पुष्कळ वेळ भोंगा वाजवला नाही. म्हणजे दुपारपर्यंत. दुपारनंतर पुन्हा वाजवला.

इंजिन आता फार चांगले चालते. आता माझ्या हाताला ओळखू लागले आहे, म्हटले तरी चालेल. मी आणि अमिनाबीने एक ठरवले आहे. पुढच्या महिन्यात मला एरंडोलपर्यंत एक वरात न्यायची आहे. तिथून धरणगाव दूर नाही. संध्याकाळी मोटार घेऊन येईन. ती तोटी मी काढलेली नाही. एक डबा रॉकेलचा ठेवीन, तेवढ्याने इंजिनाला काही होत नाही. जिनाच्या भिंतीपाशी आलो की तोटी फिरवीन. आपण घरात बसूनच ऐका. बाहेर यायचेही कारण नाही. एकदा ऐकाल म्हणजे जिवाला बरे वाटेल.

दिवस कोणता ते कळवा.

गनी

---

धरणगाव,
ता. २० फेब्रुवारी १९३६

गनीभाई यांस,

तुम्ही दोघांनी हे माझ्यासाठी ठरवलेत. अमिनाबीला माझा नमस्कार सांगा. पैशांच्या बाबतीत ती बोलली ते अगदी बरोबर होते.

"या" असे लिहिलेले एक कार्ड मी तयार ठेवले होते. टाकले नाही. तुम्ही जिनाच्या भिंतीपाशी तोटी फिरवली तर मी तवा ठेवायला उठेन. तुम्ही येणार हे मला ठाऊक असेल, दिवसही ठाऊक असेल, तरी उठेन. भाकरी थापायला घेईन. सासूबाईंना सांगेन, "आले." मग मोटार दारात थांबेल आणि तुम्ही उतराल. तुम्ही भले माणूस आहात, पण तुम्ही उतराल. ते मला एकदा सोसायचे होते ते सोसून झाले आहे. पुन्हा नको.

तेव्हा मोटार आणू नका. तिच्यात रॉकेलही घालू नका, एक डबासुद्धा नको. सीटखाली ते ठेवून तुम्ही वरातीची माणसे नेणार, त्यांत बायका-मुले असतील. आणि तुमच्या घरीही कोणी वाट पाहते आहे.

एक गोष्ट मला सांगायची आहे. ज्यांना सांगायची ते नाहीत. सासूबाईंना मोठ्याने सांगावी लागेल आणि ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

त्यांनी मला विचारले असते, रॉकेल घालू की पारोळ्यासच राहू, तर मी लगेच हो म्हटले नसते. भांडले असते. त्या भाजलेल्या माणसांची आठवण दिली असती. रात्रभर बोलले नसते. पण सकाळी ते निघाले असते, हँडल हातात घेऊन वाकले असते, तेव्हा मी बाहेर येऊन म्हटले असते, घाला, पण या. मग रोज संध्याकाळपासून जीव मुठीत धरून बसले असते, तरी म्हटले असते. त्यांना खोटे बोलावे लागले नसते. दहा महिने ते एकटेच ती तोटी फिरवत राहिले. भिंतीपाशी आल्यावर, मी ऐकते आहे हे माहीत असताना.

एवढे त्यांना कळायला हवे होते. तुम्हाला सांगते, कारण इंजिन तुमच्याजवळ आहे.

सुगंधाबाई